भंगाराच्या काट्यावर जाणारे शिसे

खानदेशात जमिनीतून सोन्याचा एखादा दागिना निघाला तर चार दिवसांत त्याची वार्ता मामलेदार कचेरीपर्यंत पोचते, चांदीच्या नाण्यांचा हंडा निघाला तर वाटणीच्या तंट्यामुळे का होईना पण त्याचा पंचनामा होतो. परंतु शिशाची ओबडधोबड, पांढुरक्या खपल्या धरलेली लगड नांगराच्या फाळाला किंवा जेसीबीच्या दातांना लागली तर ती त्याच आठवड्याच्या बाजारी भंगाराच्या काट्यावर चढते, पुढच्या आठवड्यात मुशीत उतरते, आणि ती कोणी आणली, कोणत्या वाटेने आणली, कोणत्या भयाने किंवा कोणत्या आशेने पुरली, या साऱ्या प्रश्नांची उत्तरे तिच्यासह वितळून जातात. पुराणवस्तूच्या रक्षणाचा आपल्याकडील सारा विचार मौल्यवान धातू आणि देखणी मूर्ती यांच्याभोवती फिरत राहिला, आणि ज्या धातूच्या वाहतुकीवर या प्रांताच्या व्यापाराचा आणि युद्धाचा एक मोठा भाग उभा होता तो हलका समजला जाऊन दुर्लक्षित झाला, ही माझी तक्रार आहे. आणि ती जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात मांडण्यास विशेष कारण आहे.

ते कारण भूगर्भातच आहे. खानदेशच्या मातीखाली लाव्ह्याच्या थरांनी घडलेला काळा पाषाण आहे आणि या पाषाणात शिशाची खाण नाही. म्हणून तापी, गिरणा, पांझरा, अनेर यांच्या खोऱ्यांत जुन्या शिशाचा जो तुकडा सापडेल तो बाहेरून आलेला असणार, हे त्याला हात लावण्यापूर्वीच सांगता येते. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' नामक समुद्रमार्गवृत्तात बॅरिगाझा, म्हणजे आपले भडोच, येथे उतरणाऱ्या मालाच्या यादीत तांबे आणि कथील यांच्या जोडीला शिसे स्पष्टपणे नमूद आहे; त्याच वृत्तात भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तेर असल्याचे सांगितले आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी तर हिंदुस्थानात तांबे नाही आणि शिसेही नाही, तेथील लोक आपली रत्ने व मोती देऊन ते विकत घेतात, असे लिहून गेला. त्याचे विधान अक्षरशः खरे नव्हे, कारण राजस्थानातील जावरच्या शिसे-जस्ताच्या खाणी ख्रिस्तपूर्व काळापासून चालू होत्या. पण पश्चिम किनाऱ्यावर शिसे जहाजाने येत होते एवढे त्यावरून निश्चित होते. सातवाहनांनी आणि कोल्हापूरच्या कुर राजांनी शिशाची नाणी पाडली, सातवाहनांच्या काही शिशाच्या नाण्यांवर तर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरलेले आहे. हे शिसे किती समुद्रावरून आले आणि किती जावरच्या बाजूने आले, हा दख्खनच्या अर्थव्यवस्थेच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न होय; आणि भडोच व पैठण यांच्या मधोमध पसरलेल्या खानदेशात, प्रकाशे किंवा बहाळ यांसारख्या नदीकाठच्या प्राचीन वसाहतींच्या परिसरात मिळालेली एकच खुणेची लगड त्याच्या उत्तरास मोठा हातभार लावू शकेल.

त्या मानाने अलीकडचा काळ घेतला तरी शिशाची वाट खानदेशातूनच जाते. सुरतेहून बुऱ्हाणपुरास जाणारा राजमार्ग नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडे असा तापीच्या खोऱ्यातून जात असे, आणि सतराव्या शतकातील फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हेर्निये याने आपल्या प्रवासवृत्तात या मार्गाचे मुक्काम ओळीने दिले आहेत. इंग्रजांची कंपनी सुरतेस जो विलायती माल उतरवी त्यात बनातीच्या बरोबरीने शिसे असे. मोगलांच्या दक्षिणेकडील फौजांचे ठाणे बुऱ्हाणपुरास होते, आणि फौज म्हटली की तोड्याच्या बंदुका व त्यांच्या गोळ्या आल्या. १६७४ मध्ये इंग्रजांनी धरणगावास आपली वखार घातली आणि पुढच्याच वर्षी मराठ्यांच्या फौजेने ते गाव लुटले. लुटीच्या बातमीने एखाद्या सावकाराने किंवा वाहतुकीच्या नाईकाने जड माल रातोरात जमिनीत पुरला असेल, असा तर्क करण्यास जागा आहे. तो तर्क आहे हे मी मान्य करतो, पण तर्काचे सत्यात रूपांतर करील असा पुरावा मातीतून निघालाच तर तो लगडीच्या रूपानेच निघेल, कागदाच्या रूपाने नव्हे.

पुढे १८१८ साली थाळनेरच्या किल्ल्यावर आणि मालेगावच्या गढीवर इंग्रजांनी तोफा लावल्या. १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी सातपुड्यात जो लढा दिला त्यात आंबापाण्याची लढाई झाली. गोळीसाठी शिसे साठवणे हा या साऱ्या काळात ठाणेदारापासून डोंगरातल्या नाईकापर्यंत सर्वांचाच व्यवहार होता. त्यानंतर आलेल्या १८७८ च्या शस्त्रकायद्यात लष्करी सामग्रीची व्याख्या करताना शिसे, गंधक आणि सोरा यांनाही त्या बंधनाखाली आणण्याची मुभा सरकारने ठेवून घेतली. घरात शिशाच्या लगडी बाळगणे हे ज्या काळात संशयाचे कारण होऊ शकत होते त्या काळात त्या परसात किंवा खळ्याच्या कडेला पुरल्या गेल्या नसतील काय? आणि योगायोग असा की, जमिनीत सापडलेल्या निधीविषयीचा जो कायदा आजही आपल्याकडे लागू आहे तोही १८७८ चाच आहे; त्याकडे मी पुढे येतोच.

अर्थात जमिनीत सापडलेले प्रत्येक शिसे पुराणे नसते. जुन्या विजेऱ्यांतील पट्ट्या वितळवून ओतलेले गोळे, कोळ्यांच्या जाळ्यांना बांधण्याची वजने, पाण्याच्या नळांच्या सांध्यातून काढलेले शिसे, आणि बंद पडलेल्या छापखान्यांतील खिळ्यांचा धातू, हे सर्व गेल्या शतकात गावोगाव पसरले आहे. यांतील शेवटचा प्रकार ओळखणे मराठी वृत्तपत्राच्या वाचकास आवडेल, कारण ज्या खिळ्यांनी आपली वृत्तपत्रे कित्येक पिढ्या छापली गेली ते निव्वळ शिशाचे नसून शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे असत, आणि म्हणूनच ते कठीण व ठिसूळ असतात. शुद्ध शिसे नखाने ओरखडते, कागदावर ओढले तर राखाडी रेघ उमटवते, चाकूने कापले तर आत चांदीसारखे चकाकते आणि थोड्याच वेळात निस्तेज होते; खिळ्यांचा धातू नखाला दाद देत नाही आणि हातोडीच्या घावाने तुटतो. शिशावर लोखंडासारखा गंज चढत नाही, लोहचुंबक त्याला ओढीत नाही, आणि ते ठोकले असता नाद न येता बोदा आवाज येतो. मातीत दीर्घकाळ राहिलेल्या शिशावर पांढुरक्या क्षारांचा थर जमतो. हा थर खरवडून काढण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे, कारण खुणा आणि शिक्के बहुधा त्याच थराखाली असतात.

वजनाची परीक्षा याहून खात्रीची आहे आणि तिला शेतातील साधा काटा पुरतो. लगड प्रथम हवेत तोलावी, मग दोरीने बांधून, तळाला न टेकता, पाण्यात पूर्ण बुडवून तोलावी. शिशाची घनता पाण्याच्या ११.३४ पट असल्यामुळे अकरा किलोची शिशाची लगड पाण्यात जवळजवळ दहा किलो भरते. जस्त किंवा कथील असेल तर सात किलोचे सुमारे सहाच भरतील. चांदी या परीक्षेत शिशाच्या फार जवळ येते हे खरे, पण ज्याने एकदा चांदीला नख लावून पाहिले आहे त्याला दोहोंतील भेद सांगावा लागत नाही.

एक गोष्ट मात्र कोणीही घरी करू नये, आणि ती म्हणजे चुलीवर शिसे वितळवणे. ३२७ अंशांना ते वितळते, म्हणून हे काम सोपे वाटते. पण तापलेल्या शिशाची वाफ आणि त्याची बारीक धूळ श्वासातून व हातावाटे शरीरात जाते, लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते, आणि रक्तातील शिशाची निर्धोक म्हणावी अशी कोणतीही पातळी वैद्यकशास्त्रास आढळलेली नाही. कथलात शिसे मिसळून भांड्यांना कल्हई करण्याची वाईट चाल कोठे शिल्लक असेल तर ती याच कारणाने निंद्य आहे. सापडलेल्या लगडीला हात लावल्यावर हात साबणाने धुवावेत आणि ती स्वयंपाकघरात किंवा धान्याच्या खोलीत ठेवू नये.

घरच्या परीक्षांनी धातू कळतो, काळ कळत नाही. लाकूड, कोळसा, हाड यांचे वय कर्बाच्या मोजमापाने काढता येते, पण शिशात कर्ब नसल्यामुळे तो मार्ग बंद आहे. तेव्हा लगडीचे वय तिच्या आकारावरून, तिच्यावरील शिक्क्यांवरून, आणि सर्वांत अधिक ती ज्या थरात, ज्या खापरांसोबत, जितक्या खोलीवर मिळाली त्यावरून ठरते. म्हणजे ती जागेवरून उचलली की पुराव्याचा मोठा भाग जागच्या जागी नष्ट होतो. उरलेला पुरावा अणूंत असतो. प्रत्येक खाणीतील शिशात त्याच्या चार स्थिर समस्थानिकांचे प्रमाण त्या खनिजाच्या वयानुसार वेगळे असते, आणि ते मोजले असता जावरचे शिसे कोणते व इंग्लंडच्या मेंडिप टेकड्यांतील कोणते हे बहुतेक वेळा सांगता येते. याखेरीज नव्याने गाळलेल्या शिशात 'शिसे-२१०' या किरणोत्सर्गी प्रकाराचा अंश असतो, तो दर बावीस वर्षांनी निम्मा होत जातो, आणि म्हणून काही शतकांहून जुन्या शिशात तो जवळपास उरत नाही. धरणगावच्या वखारीच्या काळातील लगड आज आपल्या हाती आली तर तिच्यातील तो अंश मूळच्या पन्नास-साठ हजारांत एका भागाच्या आसपास उतरलेला असेल.

लगडीच्या उपयोगाचा प्रश्न येथूनच सुरू होतो, आणि त्याचे उत्तर मला फार विचार करण्याजोगे वाटते. अतिसूक्ष्म किरणोत्सर्ग मोजणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांना आपल्या उपकरणांभोवती असे कवच हवे असते की ज्यातून स्वतःचाच किरणोत्सर्ग बाहेर पडणार नाही. नवे शिसे त्या कामास चालत नाही, शतकानुशतके समुद्रतळाशी किंवा मातीत पडलेले शिसे चालते. इटलीत सार्डिनिया बेटाजवळ ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात बुडालेल्या एका रोमन जहाजातून शिशाच्या सुमारे हजार लगडी निघाल्या, प्रत्येक लगड तेहतीस किलोंच्या आसपास. त्यांपैकी १२० लगडी २०१० साली काल्यारीच्या पुरातत्त्व संग्रहालयाने इटलीच्या राष्ट्रीय अणुभौतिकी संस्थेला दिल्या आणि ग्रान सास्सो पर्वताच्या पोटातील न्यूट्रिनोविषयक प्रयोगासाठी त्यांचे कवच झाले. ज्या भागावर रोमन मालकांची नावे होती तो भाग कापून संग्रहालयात जतन केला गेला. या व्यवहारास काही पुरातत्त्वज्ञांनी आक्षेप घेतला, आणि तो आक्षेप मी क्षुल्लक मानीत नाही. तथापि एकाच जहाजातून एकाच प्रकारच्या शेकडो लगडी निघाल्या असता, सर्वांची नोंद पूर्ण करून आणि लेख राखून काहींचा असा विनियोग करणे मला समर्थनीय वाटते. खानदेशात एखाददुसरी लगड मिळाली तर तिला ही सवलत लागू होत नाही. ज्या वस्तूला जोडीदार नाही तिचा तुकडादेखील, तपासणीच्या कणाएवढा अंश सोडला तर, कोणत्याही प्रयोगासाठी देता कामा नये.

नोंद करण्याने काय साधते याचे उदाहरण मेंडिपचेच देता येईल. रोमनांनी ब्रिटनवर इ.स. ४३ मध्ये स्वारी केली. मेंडिपच्या लगडींत इ.स. ४९ चा लेख असलेली लगड आहे. म्हणजे स्वारीनंतर सहा वर्षांच्या आत ते त्या टेकड्यांतील खाणी चालवीत होते, हे कोणत्याही इतिहासकाराच्या पुस्तकातून न कळणारे सत्य एका ओबडधोबड लगडीने सांगितले. आपल्याकडे नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला, आणि त्यांतील नहपान या क्षहरात राजाच्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आढळल्यामुळे क्षहरातांच्या पराभवाची हकीकत निर्विवाद झाली. ती नाणी चांदीची होती म्हणून लोकांच्या नजरेत भरली. हाच साठा शिशाचा असता तर त्यातील किती नाणी अभ्यासकापर्यंत पोचली असती, याचा विचार करून मन अस्वस्थ होते. आणि वस्तू वाचली तरी जागा हरवल्यास काय होते हे दायमाबादने दाखवले आहे: प्रवरेकाठच्या त्या गावी १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी साठ किलोंहून अधिक वजनाची चार ब्राँझ शिल्पे सापडली, त्याच्यामुळे देशाला ती लाभली, परंतु ती शिस्तबद्ध उत्खननात मिळालेली नसल्याने त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद राहून गेला.

आज खानदेशात जमीन जितकी खणली जात आहे तितकी पूर्वी कधी खणली गेली नसेल. महामार्गाचे चौपदरीकरण, तलावातील गाळ काढून शेतात टाकण्याची मोहीम, शेततळी, विहिरी, आणि यांहून जुनी व यांहून घातक अशी गावाच्या पांढरीची माती खतासाठी गाड्या भरून नेण्याची चाल. पांढर म्हणजे जुन्या वस्तीची राख, शेण, भिंतींची माती आणि खापरे यांचा शतकांचा संचय. ती पिकाला मानवते हे खरे, पण तिच्यातील प्रत्येक गाडीबरोबर प्राचीन गावाचा एकेक थर शेतात विखुरला जातो. हे काम करणारा बहुधा सालदार किंवा रोजंदारीचा मजूर असतो, आणि लगड प्रथम त्याच्या दृष्टीस पडते. त्याने ती भंगारवाल्याला दिली तर दोष त्याचा नाही. ती लगड दुसऱ्या कोणाला हवी आहे, असे त्याला कोणी कधी सांगितलेच नाही.

निधीविषयीचा तो १८७८ चा कायदा त्याला काय सांगतो ते पाहा. जमिनीत दडवलेली कोणतीही किमतीची वस्तू हा निधी होय, मग ती शिशाची का असेना. तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे आणि ती सरकारी तिजोरीत जमा करावी किंवा जामीन द्यावा. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. मग जाहीरनामा निघतो आणि हक्कदारांनी हजर राहण्याची तारीख त्यानंतर चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान ठेवली जाते. निधी बेवारशी ठरला आणि जमिनीच्या मालकाशी दुसरा करार नसेल तर तीन-चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा व एक-चतुर्थांश मालकाचा. ही वाटणी न्याय्य आहे, किंबहुना सालदाराच्या बाजूने उदार आहे, आणि ती प्रत्येक चावडीवर मोठ्या अक्षरांत लावली पाहिजे. दोष पुढे आहे. सरकारला ती वस्तू हवी असेल तर तिच्या द्रव्याची किंमत आणि त्यावर एक-पंचमांश एवढी रक्कम देऊन ती घेता येते. शिशाचा भाव किलोला दोनशे रुपयांच्या आसपास धरला तर तीस किलोच्या लगडीचे सहा हजार, वर बाराशे, असे सात हजार दोनशे रुपये झाले. त्यातून सालदाराच्या हाती पाच हजार चारशे येणार, आणि तेही तारखा संपल्यावर. भंगारवाला तेवढी रक्कम त्याच दिवशी रोख मोजतो आणि जबानी घेत नाही. सोन्याच्या बाबतीत द्रव्याची किंमत हाच मोठा मोबदला असतो, म्हणून १८७८ च्या मसुदाकारांना ही तरतूद पुरेशी वाटली असावी; जिचे सारे मोल ज्ञानात आहे अशा वस्तूच्या बाबतीत ती निष्फळ आहे. ज्ञानमूल्यावर ठरवलेले स्वतंत्र बक्षीस राज्य सरकारने जाहीर केले पाहिजे, आणि ते देण्यास त्या जुन्या कायद्याची आडकाठी असावी असे मला वाटत नाही.

दुसरी मागणी याहून लहान आहे. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाल्यापासून जळगाव व धुळे यांची दप्तरे वेगळी झाली, १९९८ मध्ये नंदुरबारही निराळे झाले. पण नदीखोरे एकच राहिले आणि जुनी वाटही एकच राहिली. धुळ्यास इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्यांच्या निधनानंतर लगेच स्थापन झाले, आणि गावोगाव हिंडून दप्तरे जमवणाऱ्या त्या पुरुषाचे स्मारक याहून योग्य ठिकाणी उभे राहिले नसते. जळगावास बहिणाबाई चौधरींच्या नावाचे विद्यापीठ आहे. मंडळाने आकार, शिक्के आणि लेख यांची नोंद घ्यावी, विद्यापीठाने आपल्या प्रयोगशाळांतून धातूची परीक्षा करून द्यावी, आणि दोहोंचा अहवाल राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे जावा. तालुक्याच्या प्रत्येक कचेरीत यासाठी एक नोंदवही असावी. तिच्यात गाव, गट क्रमांक, खोली, सोबत मिळालेली खापरे किंवा विटा, हवेतील व पाण्यातील वजन, खुणांचे रेखाटन आणि चारी बाजूंची छायाचित्रे यांचे रकाने असावेत, आणि वस्तू घेऊन येणाऱ्यास तलाठ्याच्या सहीची पोच त्याच दिवशी मिळावी. यास नवा कायदा लागत नाही. तिन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी एकाच मजकुराचे परिपत्रक काढले तर येत्या उन्हाळ्यातील गाळ उपसण्यापूर्वीच हे काम सुरू होऊ शकते.